उरलेल्या फाइलींचे काय करावे?

स्मरणिका काढायची म्हटली की जाहिराती गोळा करणे, लेखांसाठी लेखकांच्या घरी खेपा घालणे आणि शेवटच्या रात्री प्रेसमध्ये बसून मुद्रिते तपासणे, हे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. अलीकडच्या वर्षांत त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. जुन्या स्मरणिका, वार्षिक अहवाल, वसतिगृहाचे हिशेब आणि शिष्यवृत्तीची माहिती संकेतस्थळावर ठेवता यावी म्हणून त्यांचे रूपांतर करावे लागते. हे काम बहुधा संस्थेतील दोन-चार तरुण कार्यकर्ते नोकरी सांभाळून, रविवारी वेळ काढून करतात. त्यांना सूचना देणारे पुष्कळ असतात, परंतु रूपांतर झाल्यावर संगणकात ज्या शेकडो फाइली उरतात त्यांचे काय करावे हे सांगणारे कोणी नसते. आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे आमच्या हातून दोन चुका घडल्या. त्या आधी प्रांजळपणे सांगतो, म्हणजे पुढील विवेचन कशासाठी आहे ते वाचकांच्या ध्यानात येईल.

आमच्या जुन्या स्मरणिका पेजमेकरमध्ये जुळवलेल्या होत्या. त्या संकेतस्थळावर चढवून झाल्या, तेव्हा संगणकात जागा उरली नव्हती. प्रत्येक अंकाच्या फोल्डरमध्ये पेजमेकरच्या फाइलीशेजारी मोठमोठ्या टिफ फाइली पडल्या होत्या. पाने तर तयार झाली, मग ही अडगळ कशाला, असे म्हणून आम्ही त्या पुसून टाकल्या. पुढे काही महिन्यांनी आमच्या एका कालकथित ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या घरची मंडळी आली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी त्यांना वसतिगृहाच्या पहिल्या तुकडीसोबतचे त्यांचे छायाचित्र मोठे करून हवे होते. घरातली कागदी प्रत २६ जुलै २००५ च्या पुरात गेली होती. संकेतस्थळावरचे छायाचित्र तळहाताएवढे होते. ते मोठे करून पाहिले तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसू लागले.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट. संकेतस्थळावर चढवताना आम्ही पूर्ण फोल्डर एकदम चढवले होते. त्यात शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची एक जुनी यादी राहून गेली. नावे, दूरध्वनी, गुण, पालकांचे उत्पन्न, सर्व काही तिच्यात होते. कोणत्याही पानावरून त्या यादीला दुवा दिलेला नव्हता, म्हणून ती कोणाला दिसणार नाही अशी आमची समजूत. एके दिवशी एका विद्यार्थिनीच्या आईने फोन करून विचारले, "दादा, आमच्या घरची कमाई सगळ्यांना का दाखवली?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच रात्री यादी काढली, पण प्रश्न काही पुसला गेला नाही.

थोडक्यात, जे ठेवायचे ते आम्ही टाकले आणि जे टाकायचे ते ठेवले. हे का घडले आणि कसे टाळता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एकाच्या अनेक फाइली का होतात?

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत मांडली आणि १९९१ साली ती बाहेरच्या जगापुढे आली. वेबच्या पानासाठी जी एचटीएमएल नावाची फाइल लागते, ती साध्या मजकुराची फाइल असते. तिच्यात सहसा चित्र साठवलेले नसते. 'या ठिकाणी अमुक फोल्डरातील अमुक चित्र दाखवावे' एवढी सूचना तिच्यात असते आणि चित्र स्वतंत्र फाइल म्हणून शेजारी राहते.

वर्डचे तसे नाही. २००७ पासून वर्ड जी 'डॉक्स' प्रकारची फाइल बनवते, ती खरे तर एक झिप गठ्ठा असतो. तिची एक प्रत काढून त्या प्रतीच्या नावाचा शेवट 'झिप' असा केला आणि ती उघडली, तर आत मजकूर वेगळा आणि 'मीडिया' नावाच्या फोल्डरमध्ये सर्व चित्रे वेगळी दिसतात. इपब हे पुस्तकाचे स्वरूपही असाच बांधलेला गठ्ठा आहे. म्हणून वर्डमधून इपब काढले तर एकाची एकच फाइल होते आणि एचटीएमएल काढली तर गठ्ठा सुटून त्यातील वस्तू बाहेर पडतात.

वर्डमध्ये 'वेब पेज' म्हणून जतन केले, की एचटीएमएल फाइलीशेजारी त्याच नावाचे आणि शेवटी '_फाइल्स' असे इंग्रजीत लिहिलेले फोल्डर तयार होते. त्यात चित्रांना 'इमेज ००१', 'इमेज ००२' अशी नावे पडतात. त्याखेरीज फाइलींची यादी, रंगसंगती आणि थीम यांच्या काही फाइली येतात. या शेवटच्या फाइली वर्डने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेल्या असतात. वाचकाला पान दाखवण्यासाठी त्यांची गरज नसते. आपण 'वेब पेज, फिल्टर्ड' हा पर्याय निवडला तर त्या टळतात आणि एचटीएमएलही पुष्कळ हलकी होते. मात्र अशा गाळलेल्या फाइलीवरून मूळ वर्डची फाइल जशीच्या तशी परत मिळत नाही. यास्तव मूळ फाइल वेगळी जपून मगच हा पर्याय वापरावा.

चार प्रकार ओळखावेत

आमच्या अनुभवाने उरलेल्या फाइलींचे चार प्रकार पडतात. त्यांना एकाच केरसुणीने झाडू नये.

पहिला प्रकार मूळ फाइलींचा. ज्यात लेख प्रथम जुळवला ती वर्डची अथवा पेजमेकरची फाइल, मूळ छायाचित्रे आणि स्कॅन या प्रकारात येतात. पेजमेकर मोठी चित्रे बहुधा आपल्या फाइलीत घेत नाही. ते चित्र कोठे आहे याची नोंद ठेवते आणि पडद्यावर कमी प्रतीची प्रतिमा दाखवते. आम्ही ज्यांना अडगळ समजलो त्या टिफ फाइली म्हणजेच खरी छायाचित्रे होती. मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मूळ ठेव्यात धरावी लागते, ती म्हणजे फॉन्टची फाइल. यूनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर लेख उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शिवाय पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ साली आली. इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या सहाव्या आणि पुढच्या आवृत्त्यांतील फाइली उघडत. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ही सोय राहिली नाही. म्हणून अशा मूळ फाइली तर जपाव्याच, शिवाय जुना संगणक चालू आहे तोवर त्यांची पीडीएफ प्रतही काढून ठेवावी.

दुसरा प्रकार जोडफाइलींचा. एचटीएमएलच्या पानाला लागणारी चित्रे आणि मांडणीच्या फाइली या प्रकारात मोडतात. त्या पानाच्या सोबतीनेच राहिल्या पाहिजेत. फोल्डरचे नाव बदलले किंवा ते दुसरीकडे हलवले, की पानातील दुवा तुटतो आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते. विंडोजमध्ये एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. वर्डने बनवलेली एचटीएमएल फाइल पुसली, की तिचे जोडफोल्डरही बहुधा तिच्याबरोबर पुसले जाते. त्या फोल्डरमध्ये आपण स्वतःची दुसरी छायाचित्रे ठेवली असतील तर तीही जातात. सबब जोडफोल्डरमध्ये आपले असे काहीही ठेवू नये.

तिसरा प्रकार तात्पुरत्या फाइलींचा. वर्डमध्ये फाइल उघडली की तिच्या शेजारी '~$' या चिन्हांनी सुरू होणारी एक लहानशी दडलेली फाइल बनते. फाइल कोणी उघडली आहे याची ती नोंद असून तिच्यात वापरणाऱ्याचे नाव असते. काम संपले की ती आपोआप जाते, पण वीज गेली किंवा संगणक अडकला तर मागे राहते. वर्ड बंद आहे आणि दुसऱ्या कोणीही ती फाइल उघडलेली नाही, याची खात्री करून ती पुसण्यास हरकत नाही. लिब्रे ऑफिसही अशीच कुलूपफाइल बनवते. 'टेम्प' फाइली आणि वर्डने आपोआप जपलेल्या प्रती यांच्या बाबतीत मात्र घाई नको. संगणक अचानक बंद पडला असेल, तर तासाभराचे टंकलेखन कदाचित त्याच प्रतीत शिल्लक असेल. आधी मूळ फाइल उघडून शेवटचा परिच्छेद जागेवर आहे का ते पाहावे, मगच ती प्रत टाकावी.

चौथा प्रकार वाटेतल्या फाइलींचा. जुन्या फॉन्टातून यूनिकोडमध्ये आणताना निघालेल्या मजकुराच्या फाइली, 'नवीन', 'नवीन २', 'अंतिम', 'खरोखर अंतिम' अशा नावांच्या प्रती या त्यात मोडतात. खरा गोंधळ येथेच होतो. रूपांतर करणारी आज्ञावली रफार, जोडाक्षरे, 'तऱ्हा'मधला र आणि पहिली वेलांटी या ठिकाणी हमखास अडखळते. तेव्हा मूळ छापील अंक शेजारी ठेवून एकाने वाचावे आणि दुसऱ्याने तपासावे. तपासणी पूर्ण होईपर्यंत वाटेतली कोणतीही प्रत टाकू नये. नोटपॅडमध्ये देवनागरी मजकूर जतन करताना 'यूटीएफ-८' हाच पर्याय निवडावा. 'एएनएसआय' निवडून ती फाइल बंद केली तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. त्या प्रश्नचिन्हांवरून अक्षरे परत आणता येत नाहीत. अशा वेळी वाटेतली आधीची प्रतच कामास येते.

फाइलीच्या पोटात जे दडलेले असते

उरलेल्या फाइली शेजारीच असतात असे नाही, काही गोष्टी फाइलीच्या पोटात उरतात. २००३ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाने इराकविषयीचा एक दस्तऐवज वर्डच्या स्वरूपातच संकेतस्थळावर ठेवला. त्या फाइलीत शिल्लक राहिलेल्या फेरफारांच्या नोंदींवरून ती कोणाकोणाच्या हातून गेली हे बाहेरच्या जाणकारांनी शोधून काढले. २००५ साली इटलीचे अधिकारी निकोला कॅलिपारी यांच्या इराकमधील मृत्यूविषयीचा अमेरिकी लष्कराचा अहवाल पीडीएफ म्हणून प्रसिद्ध झाला. गुप्त भागांवर काळे पट्टे मारले होते, परंतु मजकूर खाली तसाच होता. वाचकांनी तो उचलून दुसऱ्या फाइलीत चिकटवला आणि सर्व काही वाचले. मोठ्या राष्ट्रांच्या कचेऱ्यांत असे होते, तर आपल्या संस्थेत का होणार नाही?

आपल्या कामात हे कोठे येते ते सांगतो. वर्डमध्ये चित्राचा कोपरा कापला, तरी कापलेला भाग बहुधा फाइलीत शिल्लक असतो. प्रमाणपत्राच्या चित्रातून जातीचा किंवा पत्त्याचा भाग कापून आपण फाइल प्रसिद्ध केली, तर तो भाग दुसऱ्याला पुन्हा उघडता येतो. म्हणून चित्र वर्डमध्ये आणण्यापूर्वीच चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये कापावे आणि नवीन फाइल म्हणून जतन करावे. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात, सोय चालू असेल तर, ते कोठे काढले त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. कोणाच्या घरी जाऊन काढलेले छायाचित्र चढवण्याआधी ती नोंद काढून टाकावी. वर्डची फाइल तशीच द्यायची असेल तर तिच्या प्रतीवर 'फाइल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' या मार्गाने जावे. टिपणे, फेरफार, लेखकाचे नाव असे जे दडलेले असेल ते तेथे दिसते आणि काढता येते. मूळ फाइलीवर हा प्रयोग करू नये, कारण काढलेले परत येईलच असे नाही.

आम्ही आता कसे काम करतो

दोन चुकांनंतर आम्ही एक पद्धत ठरवली. ती अगदी साधी असून तिला खर्च नाही.

प्रत्येक अंकासाठी तीन फोल्डर करतो: 'मूळ', 'काम' आणि 'प्रसिद्धी'. 'मूळ' मध्ये सुरुवातीच्या फाइली, छायाचित्रे आणि फॉन्ट ठेवून त्यांना केवळ वाचनापुरते खुले असे करतो. तेथे कोणीही काही पुसत नाही. 'काम' मध्ये प्रती काढून सगळे रूपांतर करतो. ज्या फाइली जगाने पाहाव्यात असे आम्हाला वाटते, तेवढ्याच एकेक तपासून 'प्रसिद्धी' मध्ये नेतो आणि संकेतस्थळावर फक्त तेच फोल्डर चढवतो. चढवण्यापूर्वी दडलेल्या फाइली दिसतील अशी व्यवस्था विंडोजमध्ये करून एकदा नजर टाकतो.

दुवा नसलेली फाइल कोणास सापडत नाही, ही आमची समजूत चुकीची होती. कित्येक सर्व्हर फोल्डरमधील सर्व फाइलींची यादी मागणाऱ्याला दाखवतात. ती दाखवणे बंद करता येते, पण तरीही नावाचा अंदाज करून फाइल मागता येतेच. 'जुनी', 'बॅकअप' ही नावे तर पहिल्याच अंदाजात येतात. संकेतस्थळांच्या सुरक्षिततेविषयी काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या मार्गदर्शिकेत जुन्या आणि दुवा नसलेल्या फाइली शोधणे हा तपासणीचा एक स्वतंत्र भागच आहे.

फाइलींची नावे इंग्रजी लहान अक्षरांत आणि आकड्यांत ठेवतो. देवनागरी नाव चालते, परंतु पत्त्यात त्याचे एकेक अक्षर नऊ चिन्हांचे होऊन बसते आणि तो पत्ता पत्रात लिहून देणे कठीण जाते. लहान-मोठ्या अक्षरांचा भेदही महत्त्वाचा आहे. विंडोजमध्ये तो बहुधा लक्षात घेतला जात नाही, पण पुष्कळसे सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तेथे तो पाळला जातो. त्यामुळे घरी दिसणारे चित्र संकेतस्थळावर दिसत नाही. मग कार्यकर्ता तेच चित्र नव्या नावाने पुन्हा चढवतो आणि उरलेल्या फाइलींत आणखी एकीची भर पडते.

पाने चढवल्यावर ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहतो. आपल्याच संगणकावर पाहिले तर आपल्याच फोल्डरमधील चित्र दिसून फसगत होऊ शकते. त्यानंतर 'काम' हे फोल्डर एक महिना तसेच ठेवतो. महिना झाला की दोघे जण एकत्र बसतात. एक जण फाइलीचे नाव वाचतो, दुसरा ती 'मूळ' किंवा 'प्रसिद्धी' मध्ये आहे का ते पाहतो, आणि मगच ती पुसली जाते. काय पुसले, कोणी आणि कोणत्या तारखेस, याची नोंद आम्ही आवक-जावक रजिस्टरप्रमाणे वहीत करतो. विंडोजच्या कचरापेटीतून पुसलेली फाइल परत आणता येते. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र सहसा त्या पेटीत जात नाही, हे ध्यानात असू द्यावे.

'मूळ' च्या तीन प्रती ठेवतो. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातील एक संस्थेच्या कार्यालयाबाहेर. छायाचित्रकारांमध्ये हा नियम रूढ आहे. ज्या शहराने २६ जुलैचा पाऊस पाहिला, त्याला कार्यालयाबाहेरच्या प्रतीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

पुसले म्हणजे संपले काय?

संगणकात फाइल पुसली तरी तिचा मजकूर साध्या हार्डडिस्कवरून लगेच जात नाही. ती जागा वापरण्यास मोकळी झाली एवढीच नोंद होते. म्हणून जुना संगणक भंगारात किंवा दुसऱ्या संस्थेस देण्यापूर्वी डिस्क जाणकाराकडून पूर्ण पुसून घ्यावी अथवा डिस्क काढून ठेवावी. संकेतस्थळावरून काढलेले पानही इतरत्र उरू शकते. १९९६ साली स्थापन झालेली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था जगभरच्या पानांच्या प्रती जपते. चांगल्या कामासाठी तो मोठा ठेवा आहे, पण चुकून चढलेल्या यादीची प्रतही तेथे जाऊ शकते. अशा वेळी फाइल काढणे, शोधयंत्रांना कळवणे आणि ज्यांची माहिती उघड झाली त्यांना स्वतः जाऊन सांगणे, ही तिन्ही कामे करावी लागतात. तिसरे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक आहे. व्यक्तींच्या अशा माहितीचे रक्षण व्हावे म्हणून २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. परंतु कायद्याची आठवण करून देण्याची वेळ येऊ नये. आपल्यावर विश्वास ठेवून ज्यांनी अर्ज भरला त्यांचे उत्पन्न, जात, आजार, पत्ता या गोष्टी आपल्याकडे ठेव म्हणून आलेल्या असतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

त्या छायाचित्राचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. एका जुन्या सभासदांच्या पेटीत त्या वर्षाची छापील स्मरणिका निघाली. तिच्यातील पान स्कॅन करून आम्ही छायाचित्र मोठे केले. छपाईचे ठिपके स्पष्ट दिसत होते, तरी चेहरा ओळखू येत होता. काकूंनी तसबीर हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि काही न बोलता कार्यक्रमाच्या जागी नेऊन ठेवली. आमच्या हातून गेलेल्या फाइलीत त्या चेहऱ्यावर एकही ठिपका नव्हता, हे त्या वेळी फक्त आम्हालाच ठाऊक होते.

म्हणून आमच्या तरुण कार्यकर्त्यांना विनंती आहे. या वर्षीचा अंक तुम्ही चढवाल तेव्हा उरलेली फाइल समोर आली तर एवढेच विचारा: ही फाइल कोणाची आठवण आहे, की कोणाचे गुपित? आठवण असेल तर जपा, गुपित असेल तर झाका, आणि दोन्ही नसेल तर वहीत नोंद करून खुशाल पुसा.